नावावर पहिल्यांदाच केस झाली तर काय काय करायचं (नागपूरवाल्यांसाठी)

मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा कोर्टात एका फौजदारी वकीलसाहेबांकडे अकरा वर्षांपासून मुन्शी आहे, म्हणजे वकीलपत्रावर तिकीट लावणं, पेशीच्या तारखा डायरीत चढवणं, नकला काढणं, जामीनदाराचे कागद तपासणं आणि सकाळी साडेदहाला रडत आलेल्या आईला आधी पाणी देणं, हे सगळं माझ्या वाट्याचं. वस्तीतले लोक रात्री-बेरात्री फोन करतात, "दादा, पोट्ट्याला घेऊन गेले, आता काय करू". त्या फोनवर मी जे सांगतो तेच इथं लिहून राहिलो. हे पहिल्यांदाच या फेऱ्यात सापडलेल्या साध्या माणसासाठी आहे. एनडीपीएस (अमली पदार्थ), मकोका (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद), पीएमएलए (मनी लाँडरिंग) असल्या कायद्यांत जामिनाचे नियम फार कडक आहेत, तसलं काही असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा.

आधी एक वही घ्या

हसू नका. शंभर पानी साधी वही, आणि घरातल्या एका माणसाकडे तिची जबाबदारी द्या. फोन किती वाजता आला, कोणी केला, हुद्दा काय सांगितला, स्टेशनात किती वाजता गेलो, बाहेर किती वाजता आलो, कोणत्या कागदावर सही केली, कोणता कागद हातात मिळाला. मोबाईलमध्ये लिहू नका कारण मोबाईल बरेचदा जप्त होतो आणि मग सगळंच गेलं. वेळ लिहून ठेवायची सवय काहून पाहिजे ते पुढं एका पोट्ट्याच्या गोष्टीत येईलच.

कलम कोणतं आहे ते बघा

१ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता (बीएनएस), सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या आयपीसीचीच लागतात. लोकांच्या तोंडात अजून ४२०, ३०२, ३०७ आहे, आता फसवणूक ३१८ मध्ये, खून १०३ मध्ये, खुनाचा प्रयत्न १०९ मध्ये गेला. त्यामुळे शेजारचे काका "अरे ३०२ लावला का" म्हणून घाबरवून राहिले तर आधी कागद बघा. बीएनएसमध्ये ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं, खून नाही.

एफआयआर वाचताना तीन गोष्टी विचारायच्या: दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात असा) आहे का अदखलपात्र, जामीनपात्र आहे का अजामीनपात्र, आणि जास्तीत जास्त शिक्षा किती वर्षं. पुढचं सगळं या तिघांवर अवलंबून. नुसती हातानं मारहाण झाली, बीएनएस ११५(२), किंवा शिवीगाळ, बीएनएस ३५२, एवढंच असेल तर ते अदखलपात्र, ज्याला आपण एनसी म्हणतो. एनसीमध्ये पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. "एनसी झाली, उद्या उचलून नेतो" असं कोणी म्हटलं तर ते घाबरवणं आहे. हां, पण एनसीनंतर बरेचदा चॅप्टर केस येते (आधीचं सीआरपीसी १०७, आता बीएनएसएस १२६), नागपूर कमिशनरेट असल्यानं ती एसीपी साहेबांसमोर चालते, शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतात. त्यात गुन्हा सिद्ध होत नसतो, पण तारखेला गेलं नाही की उगाच वाढतं, म्हणून जायचं.

एफआयआरची कॉपी आरोपीला मिळते का? मिळते. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितलं की एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाकायचा, लैंगिक गुन्हे, दहशतवाद असले संवेदनशील सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर पोलीस स्टेशन आणि तारीख टाकून शोधा. नाही दिसला तर कोर्टातून काढता येतो. कॉपी हातात नसताना वकिलाशी तासभर बोलून काही फायदा नाही, मी सांगतो.

"साहेबांनी बोलावलं, पाच मिनिटांचं काम आहे"

सगळं इथून सुरू होतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. काही लोक घाबरून गावाकडं पळतात, काही लोक एकटेच "मी काही केलंच नाही तर काय होणार" म्हणत जातात. दोन्ही चूक. पळाल्यावर पोलीस कोर्टात पहिली गोष्ट तीच सांगतात की आरोपी फरार होता, आणि जामिनाच्या वेळी ते नडतं.

फोन आला तर नम्रपणे विचारायचं, साहेब कोणत्या गुन्ह्यात, गुन्हा नंबर काय, मी आरोपी म्हणून का साक्षीदार म्हणून, आणि नोटीस मिळेल का. बाई असेल, १५ वर्षांखालचं मूल असेल, ६० च्या वरचा माणूस असेल किंवा गंभीर आजारी असेल तर साक्षीसाठी त्यांना स्टेशनात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं (बीएनएसएस १७९). आमच्याकडे एका आजीला ७१ व्या वर्षी तीन चकरा मारायला लावल्या होत्या, वकीलसाहेबांनी एक ओळीचं पत्र दिलं तर चौथ्या दिवशी हवालदार घरी येऊन चहा पिऊन जबाब घेऊन गेले.

आणि व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करू नका, पैसे या खात्यात टाका" म्हणणारा माणूस चोर आहे. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. फोन कापा, १९३० वर सांगा.

३५ ची नोटीस

सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी धरून न्यायचं, असं सरसकट नाही. अटकेची गरज काय ते लिहावं लागतं, आणि गरज नसेल तर बीएनएसएसच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची (इथून पुढं कायद्याचं नाव न घेता नुसता नंबर दिला तर तो बीएनएसएसचाच), आधी हीच ४१-अ ची नोटीस होती. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टानं हे ठणकावून सांगितलं आणि २०२२ च्या सतेंदर अंतिल निकालात परत. नोटीस मिळाली आणि तुम्ही त्याप्रमाणे हजर होत राहिलात तर अटक करायची नाही, करायची असेल तर कारण लेखी. नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हेही सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरी व्हॉट्सॲपवर आली म्हणून "मला मिळालीच नाही" करत घरी बसू नका बावा, वकिलाला दाखवा, वकील लेखी उत्तर देतील, त्या उत्तराची पोच घ्या.

हजर झालात की त्याचीही पोच घ्यायची. स्टेशनात देत नाहीत बरेचदा. मग घरी येऊन त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं किंवा ईमेलनं दोन ओळी पाठवायच्या, आज इतक्या वाजता हजर होतो, इतक्या वाजता निघालो. वहीत पण.

६० च्या वरचा किंवा आजारी माणूस असेल आणि गुन्हा तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेचा असेल तर डीवायएसपी दर्जाच्या खाली नसलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही, हे ३५(७). नवीन आहे, स्टेशनातल्या नवीन पोरांना माहीत नसतं, शांतपणे सांगायचं.

अटकेची भीती खरीच असेल तर अटकपूर्व जामीन, कलम ४८२. आधी सेशन कोर्ट, तिथं नाही झालं तर हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. अर्ज टाकला म्हणजे संरक्षण मिळालं असं नसतं, अंतरिम आदेश झाला तरच. कित्येक जण अर्ज दाखल झाला म्हणून निवांत फिरून राहतात आणि मधल्या दोन दिवसांत उचलले जातात.

अटक झाली तर

आता त्या पोट्ट्याची गोष्ट. मंडप-डेकोरेशनचं काम करणारा, २२ वर्षांचा, रात्री टपरीवर गाडी लावण्यावरून भांडण झालं, दोन्हीकडून हाणामारी, समोरच्याच्या डोक्याला पाच टाके. काठी वापरल्याचं फिर्यादीत होतं म्हणून कलम अजामीनपात्र. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दोन जण आले, "चल, साहेबांना भेटून ये". त्याच्या आईनं मला २ वाजून १० मिनिटांनी फोन केला. संध्याकाळी गेलो तर सांगितलं की फक्त चौकशी आहे. अटक फॉर्मवर वेळ टाकली रात्री ९.४०. म्हणजे साडेसात तास तो कुठंच नव्हता, ना आरोपी ना साक्षीदार, बाकड्यावर बसलेला माणूस.

राज्यघटनेचं कलम २२ आणि बीएनएसएस ५८ सांगतं की अटकेपासून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं, प्रवासाचा वेळ सोडून. हे २४ तास कुठून मोजायचे यावरच खेळ होतो. माणसाला जायची मुभा नाही म्हणजे तो ताब्यातच आहे, फॉर्मवर वेळ काही का असेना. दुसऱ्या दिवशी कोर्टात वकीलसाहेबांनी आईची वही, माझ्या मोबाईलमधला कॉलचा स्क्रीनशॉट आणि समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचा फोटो दिला. मॅजिस्ट्रेटनी आयओला (तपास अधिकाऱ्याला) विचारलं, आयओ म्हणाले लिहायचं राहिलं. कोणी सस्पेंड वगैरे झालं नाही, सिनेमात होतं तसं. पण तीन दिवसांचा पीसीआर (पोलीस कोठडी) मागितला होता, एकच दिवस मिळाला, आणि ऑर्डरमध्ये दुपारी दोनची नोंद आली.

अटकेच्या वेळी मिळायलाच पाहिजे अशा गोष्टी: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा ज्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या कोणा प्रतिष्ठिताची सही आणि तुमची सही (कलम ३६), तुम्ही सांगाल त्या नातेवाईकाला किंवा मित्राला खबर (४८), आणि अटकेची कारणं (४७). कारणं म्हणजे नुसतं कलम नाही, तुम्ही नेमकं काय केलं म्हणतात ते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितलं की ही कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, लगेच जमलं नाही तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. मराठी माणसाला इंग्रजी कागद दिला तर सही करताना "मला इंग्रजी वाचता येत नाही" असं लिहूनच सही करायची.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही, अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन. १८ च्या खालचा पोट्टा असेल तर लॉकअप नाहीच, बाल न्याय मंडळासमोर नेतात, म्हणून जन्मदाखला किंवा शाळेचा टीसी घेऊन पळत सुटा, वय सिद्ध करायला उशीर झाला की पोरगं मोठ्यांमध्ये जाऊन बसतं.

मेडिकल होतंच, मेयोला किंवा मेडिकलला नेतात. डॉक्टर विचारतात काही त्रास, मारहाण? पोलीस बाजूला उभे असतात म्हणून बहुतेक जण "काही नाही" म्हणतात. मार लागला असेल तर तिथंच सांगायचं, कुठं लागलं ते दाखवायचं, कारण नंतर आठ दिवसांनी सांगितलं तर कोण मानणार. तिथं हिंमत नाही झाली तर मॅजिस्ट्रेटसमोर. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" हा प्रश्न दोन सेकंदांत निघून जातो, तयार राहा.

आत काय बोलायचं

थोडक्यात: नाव, पत्ता, वय, काम खरं सांगायचं. घटनेबद्दल, "वकिलांशी बोलून सांगतो". राज्यघटनेच्या कलम २०(३) नं स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती कोणी करू शकत नाही. चौकशीच्या वेळी वकिलांना भेटायचा हक्क आहे (कलम ३८), पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही पण भेटता येतं. नार्को, लाय डिटेक्टर तुमच्या संमतीशिवाय नाही, २०१० चा सेल्वी निकाल.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही (साक्ष्य अधिनियमाचं कलम २३). हे ऐकून लोक म्हणतात मग बोलून टाकू, काय फरक पडतो. फरक पडतो! कारण त्यातच एक फट आहे. "काठी मी घरामागं लपवली, चला काढून देतो" असं बोललात आणि काठी निघाली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. यालाच मेमोरंडम पंचनामा म्हणतात आणि खालच्या कोर्टातल्या निम्म्या केसा याच्यावर उभ्या असतात. आमच्या पोट्ट्यानं नेमकं तेच केलं, साहेब चांगले बोलले, चहा दिला, तर हा म्हणाला दाखवतो ना. आता तो पंचनामा केसमध्ये सगळ्यात जड कागद आहे.

पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर (कलम १८०) सही करायची नसते, कायदाच म्हणतो की सही घ्यायची नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. जप्ती पंचनाम्यावर सही करावी लागते, ती वाचून, आणि खाली रिकामी जागा असेल तर तिरपी रेघ मारून. झडतीचं आता व्हिडिओ शूटिंग बंधनकारक आहे (कलम १०५), केलं नसेल तर वहीत लिहा.

रिमांड आणि जामीन

कोर्टात नेल्यावर दोनच शब्द ऐकू येतात, पीसीआर आणि एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे वर्धा रोडचं सेंट्रल जेल. घरचे एमसीआर ऐकून रडतात, "जेल झाली". उलट आहे, साधारणपणे एमसीआर झाला की पोलिसांचं काम झालं आणि जामिनाचा अर्ज लगेच टाकता येतो. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही, पण नव्या कायद्यात ती तुकड्या-तुकड्यांनी पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येते, म्हणून एमसीआर झाला तरी पूर्ण निश्चिंत होऊ नका.

जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हा हक्क आहे, स्टेशनातही देतात (४७८), आणि गरीब माणसाला आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर स्वतःच्या बॉण्डवर सोडायचं. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे! कोर्टाच्या मर्जीवर, एवढाच अर्थ. मॅजिस्ट्रेट, मग सेशन, मग हायकोर्ट.

आणि हे तारखेनिशी लिहून ठेवा: पोलिसांनी ६० दिवसांत चार्जशीट टाकली नाही (फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस) तर जामीन हक्कानं मिळतो. पण आपोआप नाही, अर्ज करावा लागतो, आणि चार्जशीट यायच्या आत. पहिल्या रिमांडचा दिवसही मोजायचा. मी डायरीत साठावा दिवस लाल पेनानं लिहितो, आणि ६१ व्या सकाळी कोर्ट उघडायच्या आधी दारात असतो. आधीची शिक्षा नसलेला माणूस जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला तर सोडायचं, असंही कलम ४७९ म्हणतं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि बऱ्याच केसा असलेले सोडून.

जामीन मंजूर झाल्यावर लोक मिठाई वाटतात आणि माणूस आणखी चार दिवस आतच राहतो, जामीनदारामुळं. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि घरटॅक्सची पावती किंवा सातबारा किंवा पगाराची स्लिप लागते, मोठी रक्कम असेल तर तहसीलची सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला). आमच्या पोट्ट्याचा मामा आला, घर आहे इतवारीत, तीन मजली. पावती काढली तर नाव मामाच्या वडिलांचं, जे २००९ मध्ये वारले. क्लार्कनी कागद परत केला. मामा तिथंच भांडायला लागला, "घर माझं नाही तर कोणाचं". शेवटी पगारपत्रक असलेला एक मित्र उभा राहिला. तर पावतीवर कोणाचं नाव आहे ते आजच बघा, केस असो-नसो. जामीनदारच मिळत नसेल तर कॅश बेलचा (रोख पैसे भरून) किंवा पीआर बॉण्डचा (स्वतःच्याच हमीवर) अर्ज करा, आणि कोर्टाबाहेर "मी उभा राहतो, इतके द्या" म्हणणाऱ्या अनोळखी माणसापासून दूर, खोट्या जामीनदाराची वेगळी केस तुमच्यावरच होते.

वकिलाचे पैसे नसतील तर

जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, आणि लोक अभिरक्षक म्हणून पगारी सरकारी बचाव वकील असतात. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील. फोन १५१००. "फुकटचा वकील काय लढणार" असं लोक म्हणतात, मी दोन्ही बाजू रोज बघतो, फी घेऊन तारखेला न येणारेही बघितलेत आणि लोक अभिरक्षकांनी साक्षीदाराला उलटतपासणीत घाम फोडलेलाही. रिमांडच्या वेळी वकील नसेल तर मोठ्यानं सांगायचं, साहेब मला वकील नाही.

चार्जशीट मिळाली, आता बचाव

चार्जशीटचा पूर्ण सेट फुकट मिळतो, साधारण १४ दिवसांत (२३०). पानं मोजून घ्या, अस्पष्ट झेरॉक्स परत करा. मग रात्री बसून घरच्यांबरोबर वाचा, वकिलाच्या भरवशावर सोडू नका, कारण टपरी चौकाच्या डाव्या हाताला आहे का उजव्या हे वकिलाला माहीत नसतं, तुम्हाला असतं.

सिद्ध करायचं काम सरकारी पक्षाचं, तुमचं नाही. शंका राहिली तर फायदा आरोपीला. पण काही बचाव असे असतात की थोडं तरी आपणच दाखवावं लागतं. "मी तिथं नव्हतोच" म्हणायचं तर कामाच्या ठिकाणची हजेरी, टोलची पावती, कॅमेरा पाहिजे, आणि कॅमेऱ्याचं फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं म्हणून दुकानदाराला आणि पोलिसांना लगेच लेखी अर्ज की हे जपून ठेवा. नंतर ते कोर्टात द्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, नुसता पेनड्राइव्ह दिला की झालं असं नाही.

"मी स्वतःला वाचवायला मारलं", हा खासगी संरक्षणाचा हक्क, बीएनएस ३४ ते ४४. खरा हक्क आहे, पण गरजेपुरताच. समोरचा पळाला आणि तुम्ही मागं धावून मारलं तर तो बचाव संपला. आणि इथं आमचा पोट्टा परत चुकला होता. त्याच्याही कानामागं फुटलं होतं, रक्त आलं होतं, पण आईनं हळद लावली आणि झोपवलं. एमएलसी (दवाखान्यातली मारहाणीची नोंद) नाही, फोटो नाही. त्याच रात्री मेडिकलला जाऊन कागद केला असता तर "दोन्हीकडून झालं" हे पहिल्या दिवसापासून दिसलं असतं. आता ते उलटतपासणीत फिर्यादीच्या तोंडून काढावं लागून राहिलं. मारामारीत दोघंही लागले असतील तर तुमचीही तक्रार द्या, दुसऱ्या दिवशी नाही, तेव्हाच.

काहीच पुरावा नाही असं चार्जशीटवरूनच दिसत असेल तर डिस्चार्जचा (खटला चालायच्या आधीच आरोपमुक्त करण्याचा) अर्ज, नव्या कायद्यात त्याला ६० दिवसांची मुदत आहे. गुन्हाच बनत नसेल किंवा खरोखर समझोता झाला असेल तर हायकोर्टात क्वॅशिंग (केसच रद्द करणं), कलम ५२८, त्यासाठी इथंच नागपूर खंडपीठ आहे, मुंबईला जावं लागत नाही. ११५(२) सारखं हलकं कलम असेल तर फिर्यादीच्या संमतीनं त्याच कोर्टात मिटतं. मात्र समझोत्यासाठी फिर्यादीच्या घरी स्वतः जाऊ नका. जामिनाची अट मोडली, साक्षीदारावर दबाव आणला, एवढं एक वाक्य पुरतं जामीन जायला. मध्यस्थ, तोही वकिलांमार्फत.

पेशी

केस ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबरनं दिसते, १६ अंकी-अक्षरी नंबर, तो वहीच्या पहिल्या पानावर. पुढची तारीख स्वतः बघायची. आजारी असाल, बाहेरगावी काम असेल तर आधी सांगा, गैरहजेरी माफीचा अर्ज होतो. न सांगता राहिलात तर वॉरंट, आणि जामिनावर असून हजर न राहणं हा बीएनएस २६९ खाली वेगळा गुन्हा. मे महिन्यात ४५ डिग्रीत कोर्टात येऊन फक्त तारीख मिळते, हो, चीड येते. सावलीत बसा, ताक प्या, पण पुकारा झाला तेव्हा दारात पाहिजे. वॉरंट निघालंच तर लपू नका, स्वतः हजर होऊन रद्दचा अर्ज करा, बहुतेक वेळा थोड्या दंडावर होतं.

शेवटी जज साहेब आरोपीला प्रश्न विचारतात (३५१), साक्षीदार असं म्हणतो, तुम्हाला काय म्हणायचं. शपथ नसते. लोक सगळ्याला "खोटं आहे, माहीत नाही" म्हणून मोकळे होतात. काही सांगायचं असेल, स्वतःच्या जखमेचं, भांडण कोणी सुरू केलं त्याचं, तर ती वेळ तीच आहे, लेखी पण देता येतं.

सुटलात तर निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात लगेच अर्ज टाका, दोन प्रती काढा. वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहण्याचा सहा महिन्यांचा बॉण्ड द्यावा लागतो, त्याला घाबरू नका, ती केस नाही. जप्त मोबाईल, गाडी आधी सुपुर्दनाम्यावर (केस चालू असताना हमी देऊन ताब्यात) घेतली नसेल तर आता मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज. आणि नकलेची एक झेरॉक्स पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्या, कारण दोन वर्षांनी पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला हवालदार येतो तेव्हा त्याच्या रजिस्टरमध्ये केस अजून चालूच असते.